कुंपणावरचं मेडिकल

"कोपऱ्यावरचे साहेब वरच्या खोलीत झोपायला लागलेत, कळलं का?" निर्मलावहिनींनी मेथीची जुडी कुंपणाच्या खांबावर ठेवली. म्हणजे बातमी मोठी होती. लहान बातमी त्या निवडता निवडताच सांगतात.

"वर हवा लागत असेल," मी म्हटलं.

"मार्गशीर्षात?"

आमच्या कॉलनीत तीन घरांची कुंपणं एका कोपऱ्यात मिळतात. एक माझं, एक निर्मलावहिनींचं आणि एक मालूताईंचं. मालूताई बी. फार्म. झालेल्या. मिरजेला मिशन हॉस्पिटलच्या रस्त्यावर त्यांचं मेडिकल होतं, आता ते भाचा बघतो. मिरज म्हणजे निम्मं गाव दवाखान्यात आणि उरलेलं निम्मं त्यांना डबा पोचवायला, असं आमच्याकडे म्हणतात. त्यामुळे मालूताईंनी पाहिलेली माणसं आणि त्यांच्या चिठ्ठ्या ह्यांना अंत नाही. मात्र कुणाला कसली गोळी चालू आहे हे त्यांच्या तोंडून कधी निघालेलं नाही. गोष्टी सांगतात, पण नाव, गाव, गल्ली सगळं पुसून.

"त्यांच्या ऑफिसात म्हणे एक नवीन बाई आलीय," वहिनींनी आवाज खाली आणला. "बदलून. कोल्हापूरहून."

"निर्मला," मालूताई शेवग्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "त्या साहेबांचं मला काही ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. पण पन्नाशीतला माणूस एकाएकी खोली वेगळी करतो, तेव्हा मला आधी बाई आठवत नाही. गोळी आठवते."

"गोळीचा आणि खोलीचा काय संबंध?"

"तोच तर संबंध."

मालूताई उठून कुंपणापाशी आल्या. आमचे हे पलीकडे जास्वंदीला पाणी घालत होते, त्यांनी पाइप जरा लांबच्या झाडाकडे वळवला. पाणी मात्र तिथं आधीच तुंबलेलं होतं.

मालूताईंनी एक गिऱ्हाईक सांगितलं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बीपीच्या गोळ्या न्यायला येणारा माणूस. एटेनोलॉल, पन्नासची, रोज एक. घड्याळ लावावं असा नेमाचा. तो एकदम यायचा बंद झाला. मालूताईंना वाटलं, दुसऱ्या मेडिकलमध्ये दोन टक्के जास्त सूट मिळाली असेल. मग एक दिवस आला तो मुलाच्या खोकल्याचं औषध न्यायला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मालूताईंनी विचारलं, "काका, बीपीची गोळी?" काका म्हणाले, "आता बरं आहे." बीपी कधी बरं होतं का? मग मालूताईंनी मान खाली घालून, पावतीकडे बघत विचारलं, "ह्या गोळीनं काही जणांना नवराबायकोतल्या गोष्टींची अडचण येते. तसं काही झालं का?"

"बाई गं!" निर्मलावहिनींचा हात तोंडावर. "विचारलंत?"

"पावतीकडे बघत विचारलं म्हणून जमलं. तोंडाकडे बघून विचारलं असतं तर तो खोकल्याचं औषधसुद्धा टाकून पळाला असता. लाल झाला, मग खुर्चीवर बसला आणि मग वर्षभराचं सगळं बोलला. बायकोला वाटत होतं, ह्यांचं मन उडालं. ह्याला वाटत होतं, आपण संपलो. दोघांनी एकमेकांना एक अक्षर विचारलं नव्हतं. त्यानं मनानंच शोधून काढलं की गोळीनंतर हे सुरू झालं, आणि मनानंच गोळी बंद केली."

"मग बरोबरच केलं की," मी म्हटलं.

"काय बरोबर? एटेनोलॉल असं एकदम सोडायचं नसतं. हृदयाला त्या गोळीची सवय झालेली असते. अचानक काढून घेतली की बीपी उसळतं, छातीत दुखतं, एखाद्याला झटकासुद्धा येतो. मी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पिटाळलं. त्यांनी पाच मिनिटांत गोळी बदलली, टेल्मिसार्टन दिली. त्या गटातल्या गोळ्यांचा ह्या बाबतीत सहसा त्रास नसतो. एटेनोलॉलच्याच घराण्यातली नेबिव्होलॉल म्हणून एक आहे, ती रक्तवाहिन्या सैल करते, तीही बरी पडते. पाच मिनिटांचं काम, आणि वर्ष गेलं त्यात."

"म्हणजे सगळा दोष त्या गोळीचा."

मालूताई कोणत्याही गोष्टीला चटकन हो म्हणत नाहीत. त्यांच्याशी गप्पा मारताना हा एक ताप आहे. म्हणाल्या, "कुणी सांगावं? नुसत्या बीपीनंही तेच होतं. शुगरनं तर फारच होतं. शेवटी सगळा खेळ रक्त भरण्याचा. त्या जागेच्या रक्तवाहिन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. कचरा साचायला लागला की बारीक आधी तुंबते. म्हणून तर ही तक्रार घेऊन माणूस आला की शहाणा डॉक्टर आधी त्याचं हृदय तपासतो. छातीत दुखायच्या दोन-चार वर्षं आधी ही सूचना मिळते कित्येकांना. आणि आपले लोक ती सूचना गादीखाली लपवतात."

ह्यांचा पाइप आता बंद झाला होता. झाडांना पाणी पुरे झालं असावं.

"पण मालूताई," मी विचारलं, "गोळी देतानाच का नाही सांगत, की बाबा असं होऊ शकतं?"

हा प्रश्न त्यांच्या आवडीचा निघाला. त्यांनी खुर्ची ओढून कुंपणाला लावली. इटलीत म्हणे ह्याच एटेनोलॉलवर एक अभ्यास झाला, २००३ साली छापून आला. ९६ पुरुष घेतले, ज्यांना आधी ही तक्रार नव्हती. गोळी सगळ्यांना तीच, पन्नासची, तीन महिने. फरक फक्त सांगण्यात. एका गटाला कुठली गोळी आहे तेच सांगितलं नाही. दुसऱ्याला नाव सांगितलं, पुढचं काही नाही. तिसऱ्याला नावही सांगितलं आणि 'ह्यानं ताठरतेची अडचण येऊ शकते' असंही सांगितलं. पहिल्या गटात शंभरात तीन जणांची तक्रार आली. दुसऱ्यात पंधरा-सोळा. तिसऱ्यात एकतीस.

"गोळी तीच?" वहिनी.

"तीच. आणि पुढची गंमत ऐक. ज्यांची तक्रार होती त्यांना नंतर काहींना ती प्रसिद्ध निळी गोळी दिली आणि काहींना साधी खडूची. दोन्हींचा गुण जवळजवळ सारखाच आला."

"म्हणजे सगळं मनाचंच!" वहिनींना हे फार आवडलं. मनाचं आहे म्हटलं की पुरुषांना बोलायची सोय होते.

"सगळं नाही. पहिल्या गटात तीन होतेच की. आणि मनानं झालेलंसुद्धा खरंच झालेलं असतं, तो माणूस काही नाटक करत नाही. पण केमिस्टची पंचाईत बघ. सांगितलं तर धसक्यानं होतं, नाही सांगितलं तर ज्याचं खरोखर होतं तो एकटा कुढत बसतो आणि गोळी सोडतो. मी काय करायची, सांगू? गोळी पहिल्यांदा नेताना काही बोलायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याला, सुटे पैसे देताना विचारायची, 'गोळी सुरू झाल्यापासून काही वेगळं वाटतंय का? झोप, पोट, पाय, नवराबायको?' सगळ्याच्या ओळीत तेही. ज्याला बोलायचं तो बोलतो."

मला हे पटलं. तरी एक शंका होतीच, ती वहिनींनी विचारली, "मग आत्ता तुम्ही आम्हाला सांगितलंत, ते? आमच्या घरांत दोन बीपीवाले आहेत."

"तुमचे नवरे तुमचं ऐकतात कधी? मग भीती नाही."

जास्वंदीच्या मागून खाकरल्याचा आवाज आला.

एवढ्यात वहिनींना त्यांचा मुलगा आठवला. तो बंगलोरला असतो. बत्तिशीचा आहे, दोन वर्षं स्थळं बघणं चाललंय, आणि डोक्यावरचं रान मागं मागं सरकतंय. त्यानं केसांसाठी गोळी सुरू केली आहे हे त्यांना व्हिडिओ कॉलवर टेबलावरची डबी दिसल्यामुळे कळलं होतं. नाव त्यांनी कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं होतं. त्या आत जाऊन कॅलेंडरच घेऊन आल्या.

"फिनास्टराइड," मालूताईंनी वाचलं. "एक मिलिग्रॅम. ठीक आहे."

ही मुळात प्रोस्टेटच्या म्हाताऱ्यांची गोळी, पाच मिलिग्रॅमची. पुरुषी हार्मोनचं एक जास्त कडक रूप शरीरात बनतं. त्यानं प्रोस्टेट वाढतं आणि त्यानंच टक्कल पडतं. ही गोळी ते रूप बनू देत नाही. अमेरिकेत १९९७ साली केसांसाठी एक मिलिग्रॅमला परवानगी मिळाली. हे सगळं मालूताईंनी एका दमात सांगितलं आणि मग थांबल्या, कारण वहिनींचा चेहरा हळूहळू उतरत होता.

"पुरुषी हार्मोन म्हणालात?"

"घाबरू नकोस. कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत ह्या बाबतीतली काही ना काही तक्रार शंभरात चार जणांना आली, आणि साध्या खोट्या गोळीवाल्यांतही दोघांना आलीच होती. बहुतेकांची गोळी थांबवल्यावर गेली. मात्र काही थोड्या लोकांची गोळी बंद केल्यावरही राहते, अशा नोंदी आल्या, म्हणून अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१२ साली माहितीपत्रकात तसं लिहायला लावलं. फार थोडे, पण आहेत. त्याला हे ठाऊक असावं. चिठ्ठीशिवाय ऑनलाइन मागवली असेल तर एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ दे."

"म्हणजे केस राहिले तर मुलगी मिळणार आणि मुलगी मिळाल्यावर..." वहिनींनी वाक्य अर्धंच सोडलं.

"शंभरातले शहाण्णव जण नांदताहेत, निर्मला. आणि हे बघ, मुलगी मिळाली आणि दिवस गेले, तर ह्या गोळीचा तुकडा-चुरा तिनं हाताळायचा नाही. पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांवर परिणाम होऊ शकतो. अख्ख्या गोळीला वरून आवरण असतं, तिची भीती नाही."

वहिनींनी कॅलेंडरवर 'चुरा नको' असं लिहिलं. पुढच्या महिन्यात दूधवाला त्याचा काय अर्थ लावेल कोण जाणे.

वहिनींच्या भाऊंना, म्हणजे यजमानांना, रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणून टॅमसुलोसिन चालू आहे, हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे. कारण भाऊ स्वतःच सांगत सुटतात. त्या गोळीचं मालूताईंनी लगेच उरकलं. ती मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करते, म्हणून लघवी मोकळी होते आणि म्हणूनच वीर्य बाहेर येण्याऐवजी मागं मूत्राशयात वळतं किंवा फारसं येतच नाही. माणूस घाबरतो, पण त्यानं काही बिघडत नाही, लघवीवाटे निघून जातं. मूल हवं असलेल्या तरुणाला तेवढी अडचण. "भाऊंना नातू हवाय, मूल नव्हे," एवढं बोलून विषय संपला. त्या वेळी वहिनींनी मेथीची एक काडी जरुरीपेक्षा जास्त वेळ निवडली, हे मी पाहिलं.

खरी रंगत आली ती निळ्या गोळीवरून. तिचा जन्मही ह्याच गोंधळातून. इंग्लंडमध्ये केंटला सँडविच नावाचं गाव आहे, तिथं फायझर कंपनी हृदयाच्या दुखण्यासाठी, छातीत कळ येते त्यासाठी, एक औषध तपासत होती. छातीवर फारसा उपयोग दिसेना, पण ज्यांच्यावर चाचणी चालली होती त्या पुरुषांनी भलताच परिणाम कळवला. १९९८ च्या मार्चमध्ये ते औषध अमेरिकेत त्याच परिणामासाठी मंजूर झालं. सिल्डेनाफिल. एकाचा दुष्परिणाम तो दुसऱ्याचा धंदा.

"आमच्या दुकानात ती न्यायला येणारा प्रत्येक जण मित्रासाठी न्यायचा," मालूताई म्हणाल्या. "मला बघून आधी क्रोसिन मागायचा. मग 'दादा नाहीत का?' आमचे दुकानातले दादा आतून आले की कानात, 'एका मित्राला पाहिजे होती.' मिरजेतल्या सगळ्या पुरुषांचा मिळून एकच मित्र आहे आणि तो बिचारा फार आजारी आहे."

आम्ही इतक्या हसलो की ह्यांनी पाइप गुंडाळून आत नेला.

"हसण्यावारी नेऊ नका पण," मालूताईंचा आवाज बदलला. "दादा त्या मित्राला एक प्रश्न हटकून विचारायचे. हृदयाची गोळी चालू आहे का? सॉर्बिट्रेट, जिभेखाली ठेवतात ती? नायट्रेटच्या कुठल्याही औषधाबरोबर ही निळी गोळी घेतली की बीपी एकदम तळाला जातं. माणूस जातो. सिल्डेनाफिल घेतल्यापासून चोवीस तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट द्यायचं नसतं. आणि छातीत दुखून दवाखान्यात गेलेला माणूस डॉक्टरांना तरी सांगेल का, की काल रात्री मी ही घेतली? मित्राचं नाव सांगेल."

मी त्या स्टँडजवळच्या भिंतींची आठवण काढली. 'गुप्त समस्या, खात्रीशीर इलाज', खाली मोबाइल नंबर. मालूताईंनी सांगितलं की अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. कायदा जुना होत चाललाय आणि भिंतीवरचा रंग दरवर्षी ताजा. आणि त्या 'शुद्ध जडीबुटी'च्या कॅप्सुलांतही तीच सिल्डेनाफिल मिसळलेली बऱ्याचदा सापडली आहे. म्हणजे सॉर्बिट्रेटवाला माणूस दुष्परिणाम नको म्हणून आयुर्वेदिक समजून घेतो आणि नेमकी तीच गिळतो.

"सगळं पुरुषांचंच चाललंय," मी म्हटलं. "बायका काय गोळ्या खात नाहीत?"

"खातात की. विचारतं कोण?" मालूताई म्हणाल्या. "बीपीच्या गोळ्यांचं पुरुषांवर काय होतं ह्यावर अभ्यास आहेत, बायकांवरचे शोधावे लागतात. बायकांचं मोजायचं कसं हाच प्रश्न पडत असेल त्यांना. र. धों. कर्व्यांनी १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' काढलं, त्यात बायकांच्या सुखाबद्दल लिहिलं, कोर्टाच्या पायऱ्या चढले. आमच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत अंक होते, वरून गीतेची प्रत ठेवलेली. आता गीता वाचायलाही कुणी ट्रंक उघडत नाही."

मग त्यांनी एका मुलीचं सांगितलं. बीएस्सीला होती. परीक्षेच्या काळात जळजळ, करपट ढेकर. कुणीतरी दिलेली ॲसिडिटीची कॅप्सूल बरी वाटली म्हणून सुरूच ठेवली. रोज सकाळी उपाशी पोटी, महिनोन् महिने. आधी पाळी लांबली, मग बंदच झाली. मग एक दिवस कपड्यांवर ओल दिसली. छातीतून दूध.

"लग्न न झालेली पोर?" वहिनी.

"आई दुकानात आली ती थरथरत. माझ्याकडून तपासणीची पट्टी नेली, निगेटिव्ह आली. तरी दुसरी नेली. पोरीशी बोलणं सोडलं होतं तिनं. मी म्हटलं, ती काही गोळ्या घेते का? म्हणाली, छे, फक्त ॲसिडिटीची. मी म्हटलं, स्ट्रिप घेऊन या. स्ट्रिपवर रॅबेप्रॅझोल आणि बारीक अक्षरात लेव्होसल्पिराइड. ॲसिड कमी करतं ते पहिलं. दुसरं पोटातलं अन्न पुढं ढकलतं आणि डोक्यातला प्रोलॅक्टिन वाढवतं, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारा हार्मोन. तो वाढला की पाळी थांबते, दूध येऊ शकतं, इच्छा मरते. पुरुषांचीही मरते, काहींची छाती वाढते. डॉमपेरिडोननंही होतं हे. मनाच्या आजारांच्या काही गोळ्यांनी, रिस्पेरिडोननं वगैरे, तर बरंच होतं. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. प्रोलॅक्टिनची तपासणी केली, वाढलेला. गोळी थांबवली, पुढं पाळी सुरू झाली. दूध यायला लागलं की काही वेळा डोक्याचा एमआरआय करायची वेळ येते, गाठ आहे का बघायला. आधी स्ट्रिपची मागची बाजू वाचली तर कित्येकांचं तिथंच उलगडतं."

"आणि आई पोरीशी बोलली का मग?"

"ते मेडिकलमध्ये कळत नाही," मालूताई म्हणाल्या.

आमच्या घरातही ती कॅप्सूल आहे. लग्नकार्याच्या दिवसांत आम्ही ती बडीशेपेसारखी वाटतो. मी मनातल्या मनात कपाटाचा तो खण उघडून पाहिला. नावापुढं डॉमपेरिडोनचा डी की लेव्होसल्पिराइडचा एल, अक्षर काही आठवेना.

वहिनी मघापासून गप्प होत्या. मेथी निवडून संपली होती, तरी त्या पानं खालीवर करत होत्या. मग म्हणाल्या, "आणि ती... डोकं शांत राहायची गोळी? रात्रीची?"

"कुठली? नाव आहे?"

मला वाटलं, आता वहिनींची एखादी मैत्रीण निघणार. निघालीही असती. पण मित्राची थट्टा पाचच मिनिटांपूर्वी झालेली, त्यामुळे ती वाट बंद होती. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यावरच्या बंगल्याकडे. म्हणाल्या, "मीच घेते. आई गेल्यापासून. एस्सिटालोप्रॅम, दहाची."

मालूताईंनी चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. त्यांनी बहुधा मनात पावती काढली असावी, कारण बोलताना त्या मेथीकडे बघत होत्या. "गुण आला?"

"आला की. रडू थांबलं, झोप लागते. कामं होतात. पण..."

"पण आतून काही वाटत नाही. आणि वाटलंच तर शेवटपर्यंत पोचत नाही."

"हो," वहिनी म्हणाल्या. मग दोन क्षणांनी, "मला वाटलं, वय झालं. ह्यांना वाटतं, मी टाळते. ते बाहेर झोपायला लागलेत, टीव्ही बघता बघता झोप लागते असं सांगून."

वरच्या खोलीची बातमी वहिनींना इतकी का लागली होती, ते मला तेव्हा कळलं. मी काही बोलले नाही. बोलायचं काम मालूताईंचं होतं.

"ह्या गटातल्या सगळ्याच गोळ्यांचं असं होतं," त्या सांगू लागल्या. "सेरोटोनिन वाढवतात. मन स्थिरावतं, पण इच्छा आणि शेवटचा तो क्षण दोन्हींवर त्याचा दाब पडतो. पुरुषांत तर वेळ इतका लांबतो की ज्यांचं फार लवकर उरकतं त्यांच्यासाठी ह्याच जातीची डॅपॉक्सेटिन म्हणून खास गोळी काढलीय. आणि हे किती जणांना होतं, ठाऊक आहे? स्पेनमध्ये १९९७ साली ३४४ रुग्णांचा अभ्यास छापला. आपण होऊन तक्रार सांगणारे शंभरात चौदा निघाले. डॉक्टरांनी समोर बसवून सरळ विचारलं तेव्हा अठ्ठावन्न."

इटलीवाल्यांच्या सांगण्यानं आकडा वाढला आणि स्पेनवाल्यांच्या विचारण्यानंही वाढला. पण एकात तक्रार तयार झाली आणि दुसऱ्यात होती ती बाहेर आली. ह्या दोन्ही वाढींत फरक कसा करायचा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. मालूताईंना दुकानात बसून ते अंदाजानं कळत असावं.

"मग मी सोडते ती गोळी," वहिनी म्हणाल्या. "आता रडू येत नाहीच."

"येत नाही ते गोळीमुळेच येत नाही. आणि ही तर अशी एकदम मुळीच सोडायची नाही. गरगरतं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, चिडचिड होते, आणि आजार उलटला तर पहिल्यापासून सुरुवात. डॉक्टर काय ते ठरवतील. डोस कमी करून बघतील, किंवा ब्युप्रोपिऑन, मिर्टाझपिन अशा गोळ्या आहेत ज्यांचा ह्या बाबतीत त्रास कमी, त्यातली एखादी बसते का बघतील. कधी कधी थोडे महिने थांबलं की आपोआपही निवळतं. फार थोड्यांचं गोळी सुटल्यावरही रेंगाळतं, युरोपातल्या औषध संस्थेनं २०१९ मध्ये तशी सूचना पत्रकात घालायला सांगितली. ते तुला घाबरवायला नाही सांगत. तू विचारलंस म्हणून पुरतं सांगितलं."

"पण डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातले आहेत, मालूताई. त्यांच्यासमोर हे कसं बोलू? ते मला अक्का म्हणतात."

"बोलू नकोस. लिहून ने. निम्मे लोक लिहूनच आणतात, डॉक्टरांनाही बरं पडतं, बोलताना बिचाऱ्यांनाही मान वर करवत नाही." त्यांनी कॅलेंडर मागितलं. वहिनींनी मागच्या महिन्याचं पान फाडलं, माझ्याकडचं पेन घेतलं आणि कुंपणाच्या खांबावर कागद टेकवला.

"गोळीचं नाव आणि पॉवर. कधी सुरू केली ती तारीख. हा त्रास आधी होता का? नव्हता, असं लिही. कधी लक्षात आलं? साधारण महिना घाल. नेमकं काय, इच्छा नाही की इच्छा आहे पण पुढं काही होत नाही, ते एका ओळीत. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? थायरॉइडची असेल तर तीही. पाळी गेली का, कधी? त्यानंही कोरडेपणा येतो, त्याचा इलाज वेगळा असतो. आणि शेवटी लिही, गोळी मी बंद केलेली नाही."

वहिनी लिहीत होत्या. अक्षर पत्रिकेवरच्यासारखं सुंदर. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "भाऊंनाही नेऊ बरोबर?"

"ने की. त्यांच्या टॅमसुलोसिनचंही त्याच फीत विचारून घे."

"आणि कोपऱ्यावरच्या साहेबांच्या बायकोला काही सांगू का?"

"त्यांच्या घरात तू एक अक्षर बोलायचं नाहीस. आणि ती कोल्हापूरची बदलून आलेली बाई, तिच्याबद्दलही नाही."

"बरं बाई," वहिनींनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "खाली सही करायची का?"

"कशाला? डॉक्टर काय चेक वटवणार आहेत?"